जर्नल वाचायला किती पैसे पडतात?

परवा भूगोलाची एक विद्यार्थिनी माझ्या टेबलापाशी आली. एम.ए.चं दुसरं वर्ष, लघुप्रबंधाचा विषय २२ जुलै २०२१चा वाशिष्ठीचा पूर. तिच्या बाबांचं बाजारपेठेत दुकान आहे. त्या दिवशी त्या दुकानाचं काय झालं ते चिपळूणकरांना वेगळं सांगायला नको. तिने मोबाइल पुढे केला. पडद्यावर कोकणातल्या पुरांवरच्या एका शोधनिबंधाचं नाव, दहा ओळींचा गोषवारा आणि खाली एक बटण. किंमत ३९.९५ डॉलर. म्हणजे साधारण साडेतीन हजार रुपये, वर बँकेचा परकीय चलनाचा आकार वेगळा. “मॅडम, बाबांचं कार्ड वापरू का? सरांनी वीस जर्नल बघायला सांगितलीयेत.”

वीस गुणिले साडेतीन हजार, हा हिशेब तिने घरीच केला होता. चेहऱ्यावर तो दिसत होता.

आम्ही तोच निबंध गुगल स्कॉलरवर नावाने शोधला. निकालाच्या खाली ‘सर्व आवृत्त्या’ असा बारीक अक्षरांतला दुवा असतो, तो उघडला. चौथी आवृत्ती लेखकाने स्वतःच्या संस्थेच्या साठ्यात ठेवलेली होती. पूर्ण निबंध, नकाशांसह, फुकट. दहा मिनिटं लागली असतील.

गेली बावीस वर्षं ग्रंथालयाच्या संदर्भ टेबलावर बसून हेच बघते आहे. मुलं पैसे चुकीच्या जागी द्यायला निघतात, कारण आपल्याला नेमकं कोणत्या प्रकारचं नियतकालिक हवं आहे आणि ते आपल्यासाठी आधीच कुणी विकत घेऊन ठेवलं आहे का, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून आधी प्रकार समजून घेऊ, मग खर्चाकडे वळू.

हातातला अंक कोणत्या जातीचा?

मराठीत आपण सगळ्यालाच नियतकालिक म्हणतो. ठरावीक काळाने निघतं ते नियतकालिक. साप्ताहिकही आलं, दिवाळी अंकही आला आणि जर्नलही आलं. कायदा मात्र यात रेघ ओढतो. १ मार्च २०२४पासून लागू झालेल्या ‘प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पिरिऑडिकल्स’ कायद्यात नियतकालिक म्हणजे सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य छापणारं प्रकाशन, आणि शास्त्रीय, तांत्रिक वा शैक्षणिक जर्नल त्यातून स्पष्टपणे वगळलं आहे. ही रेघ अभ्यासकालाही उपयोगाची आहे.

जर्नलमधला निबंध छापण्याआधी त्याच विषयाच्या दोन-तीन जाणकारांनी वाचलेला असतो. लेखक कोण हे अनेक जर्नलांत त्यांना कळू देत नाहीत. ते शंका काढतात, लेखक दुरुस्ती करतो, मगच तो छापला जातो. यालाच तज्ज्ञ परीक्षण म्हणतात. अंक हातात घेतलात की खुणा दिसतात: निबंधाच्या डोक्यावर गोषवारा, लेखकाच्या नावाखाली त्याची संस्था, कुठेतरी ‘प्राप्त’ आणि ‘स्वीकृत’ अशा दोन तारखा, शेवटी लांबलचक संदर्भसूची. या दोन तारखांमध्ये महिने गेलेले असतात. ते महिने म्हणजेच परीक्षण.

पुराचंच उदाहरण घ्या. पूर पावसाने आला की कोळकेवाडी धरणातून सोडलेल्या पाण्याने, हा वाद आपल्या गावात अजून मिटलेला नाही. २३ जुलैपासूनची वर्तमानपत्रं काढलीत तर कोण काय म्हणालं, किती वाजता कोणत्या रस्त्यावर पाणी आलं, हे तिथे सापडेल. त्या दिवशी महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, ही बातमीही तिथेच. साप्ताहिकात किंवा मासिकात त्यावरचा विचार येईल: नदीपात्रातला गाळ, पूररेषा, बांधकामं. पण कोयनेच्या वीजघरांतून येणारं पाणी अधिक पाणलोटातला पाऊस अधिक भरतीची वेळ, अशी बेरीज मांडून, ती कशी केली हे दाखवून, दुसऱ्याला तपासता येईल असा निष्कर्ष हवा असेल तर जर्नललाच जावं लागतं. तिन्ही कामाची आहेत, पण एकाचं काम दुसरं करत नाही.

मुलं एक चूक नेहमी करतात. ‘जर्नल म्हणजे भारी, मासिक म्हणजे हलकं’ असं समजतात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचं कुलनाम आपल्या गावाचं. त्यांनी १८७४मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, तिचे ८४ अंक निघाले. त्यांतला मजकूर कुठल्याही परीक्षकाने तपासला नव्हता, जवळजवळ सगळं एकट्याने लिहिलेलं. तरी एकोणिसाव्या शतकाच्या अभ्यासकाला ते अंक उघडल्यावाचून गत्यंतर नाही, कारण त्याच्यासाठी ते साक्षीदार आहेत. तुमच्या विषयाला साक्ष हवी की तपासलेला निष्कर्ष हवा, हे एका ओळीत वहीत लिहा. निम्मी धावपळ तिथेच वाचते.

मराठीतही परीक्षण किंवा कडक संपादन असलेली, अभ्यासकांसाठीची नियतकालिकं आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०मध्ये पुण्यात स्थापन झालं. स्थानिक इतिहासाचं काम असेल तर त्यांचं त्रैमासिक बघायलाच हवं. वाईचं ‘नवभारत’ आहे, मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’ आहे, तत्त्वज्ञानासाठी पुण्याचं ‘परामर्श’ आहे. ‘अस्मितादर्श’चे जुने अंक दलित साहित्याच्या अभ्यासाला लागतातच. यांच्या वर्गण्या तुलनेने माफक असतात. वर्गणीचा दर अंकाच्या आतल्या पानावर, संपादक मंडळाच्या नावांखाली छापलेला असतो. जुन्या अंकावरचा दर पाहून मनिऑर्डर करू नका, चालू अंक बघा.

जे फुकट आहे ते आधी संपवा

सर्वांत आधी शोधगंगा. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध इथे पूर्ण वाचता येतात; गांधीनगरचं ‘इन्फ्लिबनेट’ हे केंद्र ते चालवतं. प्रबंध म्हणजे जर्नल नव्हे, पण तुमच्या विषयावरच्या एका चांगल्या प्रबंधाची संदर्भसूची उतरवून घेतलीत की कोणती जर्नलं बघायची याची यादी आयती मिळते. मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच काम देते. शेतीचा विषय असेल तर कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’वर आहेत आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेची जर्नलंही मोफत वाचता येतात. आंबा-काजूवर काम करणाऱ्या मुलांना हे माहीत नसतं, आणि ती कुठल्या कुठल्या परदेशी बटणांवर अंगठा ठेवून बसलेली असतात.

विज्ञानाच्या मुलांसाठी बंगळूरचं ‘करंट सायन्स’. १९३२पासून निघतं, पाक्षिक आहे, सगळे अंक जालावर खुले. पदवीच्या मुलांनाही समजेल असं काही हवं असेल तर इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचं ‘रेझोनन्स’, १९९६पासूनचं. तेही खुलं.

समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांना ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ लागतोच. मुंबईतून १९६६पासून निघणारं हे साप्ताहिक आहे, पण त्यातले विशेष लेख परीक्षण होऊन येतात. प्रकाराची रेघ इथे पुसट होते. चालू अंकांना वर्गणी पडते. जुने अंक मात्र ‘जेस्टोर’ या संग्रहात आहेत, आणि जेस्टोरवर स्वतःच्या ईमेलने मोफत खातं उघडलं की दर ३० दिवसांत १०० लेख पडद्यावर वाचता येतात. उतरवून घेता येत नाहीत, आणि संग्रहातली सगळीच जर्नलं या सवलतीत येत नाहीत. तरी महिन्याला शंभर लेख कुठल्या लघुप्रबंधाला कमी पडतील? वाचताना वहीत टिपणं काढा, पान क्रमांकासह. उतरवून ठेवलेल्या पीडीएफ कुणी पुन्हा उघडत नाही, हे मी रोज बघते. टिपणं मात्र उघडली जातात.

खुल्या जर्नलांची एक तपासलेली सूचीही आहे, इंग्रजी आद्याक्षरांनी ‘डीओएजे’ म्हणून ओळखली जाते. २००३मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठात सुरू झाली. तिथे सापडलं तर वाचायला पैसे नाहीत, एवढं नक्की.

एवढं करूनही एखादा निबंध बंदच राहिला, तर लेखकाला चार ओळींचं पत्र ईमेलने पाठवा. गोषवाऱ्याखाली त्याचा पत्ता असतो. नाव, महाविद्यालय, विषय आणि ‘प्रत मिळाल्यास उपकृत होईन’. स्वतःच्या निबंधाची प्रत वैयक्तिक अभ्यासासाठी पाठवायला बहुतेक लेखक आनंदाने तयार असतात. चिपळूणहून कुणी आपला निबंध मागतंय, याचं त्यांना अप्रूपच वाटतं.

ज्याचे पैसे आधीच भरलेले आहेत

तुम्ही महाविद्यालयात शिकत असाल तर ग्रंथपालांना एक प्रश्न विचारा: “आपल्याकडे एन-लिस्ट आहे का?” ही इन्फ्लिबनेटचीच योजना. महाविद्यालय वर्षाला शुल्क भरतं आणि त्यावर सहा हजारांहून अधिक ई-जर्नलं विद्यार्थी आणि शिक्षकांना घरबसल्या वाचता येतात. प्रत्येकाला स्वतंत्र ओळखनाव आणि संकेतशब्द मिळतो. तो मागावा लागतो. यादीत नाव घालून घ्यावं लागतं. अनेक ठिकाणी शुल्क भरलेलं असतं आणि पदव्युत्तर वर्गातल्या निम्म्या मुलांनी संकेतशब्द घेतलेलाच नसतो. मला याचं फार वाईट वाटतं. ते पैसे तुमच्याच शुल्कातून गेलेले असतात.

दुसरी, मोठी योजना म्हणजे ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ला तिला मंजुरी दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नलं. लाभ सरकारी उच्चशिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना. आपल्या भागात महाविद्यालयं बहुतांशी खासगी अनुदानित संस्थांची आहेत, त्यामुळे तुमचं महाविद्यालय यादीत आहे का हे गृहीत धरू नका, विचारून घ्या. नसेल तर विद्यापीठात शिकणारी बहीण, मित्र, ओळखीचा संशोधक यांच्याबरोबर त्यांच्या ग्रंथालयात बसून काम करता येतं का पाहा. त्यांचा संकेतशब्द मात्र उसना घेऊ नका. भरमसाट डाउनलोड झाले की प्रकाशक अख्ख्या संस्थेचा प्रवेश बंद करतो.

चिपळूणहून साठेक किलोमीटरवर दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आहे. कृषी विषयांची जर्नलं त्यांना ‘सेरा’ या समूहातून मिळतात. प्राचार्यांचं पत्र, ओळखपत्र आणि आधी केलेला एक फोन, एवढ्या तयारीने जा. न विचारता गेलात तर एसटीचं भाडं वाया जातं.

कागदासाठी प्रवास

जुनं मराठी नियतकालिक जालावर सापडेलच असं नाही. इथे आपल्या गावाची दुखरी गोष्ट सांगावी लागते. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, आपलं लोटिस्मा, १८६४चं. २०१३मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळूणला भरवलं ते याच संस्थेने. २०२१च्या पुरात तिथली हजारो पुस्तकं भिजली. पुस्तक गेलं तर दुसरी प्रत कुठे ना कुठे मिळते. नियतकालिकाचं तसं नाही. अंक वाचून रद्दीत जातो. वाचनालयात बांधून ठेवलेला खंड हीच कधी कधी पंचक्रोशीतली एकमेव प्रत असते. गुळगुळीत कागदाचे अंक ओले झाले की पानं एकमेकांना चिकटतात आणि वाळल्यावर वीट होते. ती वीट ज्यांनी हातात धरली आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

म्हणून कागदावरचा अंक हवा असेल तर क्रम असा ठेवा. आधी लोटिस्मा, मग नव्वद किलोमीटरवरचं रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय. ते १८२८चं, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्यांपैकी. मग मुंबई: १८९८चं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि १८०४ला सुरू झालेली एशियाटिक सोसायटी. एशियाटिकने जुन्या ग्रंथांची आणि नियतकालिकांची बरीच पानं ‘ग्रंथसंजीवनी’ या संकेतस्थळावर चढवली आहेत. गाडीत बसण्याआधी तिथे डोकावा.

मुंबईची एक फेरी म्हणजे कोकण रेल्वेचं जाता-येताचं तिकीट, एक-दोन वेळचं जेवण, लोकल, आणि पानाला दोन-तीन रुपये झेरॉक्स. नातेवाइकांकडे राहायची सोय असेल तर हजाराच्या आसपास निभावतं. त्या हजारात किती काम होणार हे फोनवर ठरतं. फोनवर तीनच गोष्टी विचारा: अमुक वर्षाचे अंक बांधीव खंडात आहेत का, बाहेरच्या वाचकाला एका दिवसाची परवानगी किती शुल्कात मिळते, आणि झेरॉक्स करू देतात की मोबाइलने फोटो काढू देतात. खूप जुना कागद झेरॉक्स यंत्राखाली दाबला की कण्यातून फाटतो, त्यामुळे काही ठिकाणी फोटोलाच परवानगी असते. फोटो काढताना पहिला फोटो मुखपृष्ठाचा, म्हणजे वर्ष, खंड, अंक हे हाती राहतं. संदर्भ देताना नेमकं तेवढंच सापडत नाही आणि मग पुन्हा फेरी.

स्वतःच्या अभ्यासासाठी एखाद्या लेखाची प्रत काढायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ने मुभा दिली आहे. अख्खा अंक झेरॉक्स करून बांधून विकायला नाही.

आणि विकत घ्यायचंच झालं तर

एकेक लेख घेऊ नका. सुटा लेख परदेशी प्रकाशकांकडे बहुधा तीस ते पन्नास डॉलरला असतो. जेस्टोरचा महिन्याचा पास १९.५० डॉलरला आहे, त्यात अमर्याद वाचन आणि दहा लेख उतरवून घेता येतात. म्हणजे एका लेखाच्या निम्म्या पैशांत महिनाभर. सगळी यादी तयार करून, सुटीचा महिना बघून तो घ्या. बावीस वर्षांत असा पास खरोखर लागला अशी मुलं मी हातांच्या बोटांवर मोजेन.

छापण्याचे पैसे: इथे सर्वांत जास्त जपा

वाचायला आलेली मुलं हळूच दुसरी गोष्ट विचारतात. “मॅडम, पेपर छापायचे अठराशे मागतायत, भरू?” व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आलेला असतो: आंतरराष्ट्रीय जर्नल, तीन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्र मोफत, आयएसएसएन क्रमांक असलेलं. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने भरले. तीन दिवसांत पेपर छापून आला, त्यात त्याच्या नावाची वेलांटीही चुकलेली होती. परीक्षकाची एकही शंका आली नव्हती. नंतर मुलाखतीत तो पेपर कुणी विचारात घेतला नाही आणि जर्नलचा फोन लागेना.

आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा आठ अंकी ओळख क्रमांक. भारतात तो विनाशुल्क मिळतो. तो असणं म्हणजे दर्जा नव्हे, गाडीला नंबर असला म्हणजे चालक चांगला असं थोडंच आहे. पण तो क्रमांकही काही जण मनाने छापतात, आणि ते कागद-पेन्सिलीने पकडता येतं. पहिल्या सात अंकांना अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ने गुणा आणि बेरीज करा. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चा क्रमांक आहे ००१२-९९७६. गुणाकार ०, ०, ६, १०, ३६, २७, १४, बेरीज ९३. तिला ११ने भागलं की बाकी ५. ११मधून ५ गेले, ६ उरले. शेवटचा अंक ६, जुळलं. उत्तर १० आलं तर तिथे इंग्रजी एक्स हे अक्षर असतं, आणि बाकी शून्य आली तर शून्य. जुळलं नाही तर पैशाचं नावच काढू नका. जुळलं तर पुढची तपासणी: संपादक मंडळातली दोन नावं त्यांच्या संस्थांच्या संकेतस्थळावर सापडतात का, मागच्या तीन वर्षांचे अंक दिसतात का, परीक्षणाला किती आठवडे लागतात हे लिहिलंय का.

मुखपृष्ठावर ‘यूजीसी केअर’ छापलेलं पाहून हुरळू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ जर्नलं काढून टाकली, २०१९मध्ये केअर यादी आणली आणि २०२५मध्ये तीही बंद केली. आता जर्नल पारखायची जबाबदारी संस्थेवर आणि तुमच्यावर आहे. शिवाय पीएच.डी.साठी प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही आयोगाची अट २०२२च्या नियमांत उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय, तेवढा लेखी पाहा. एम.ए.च्या लघुप्रबंधाला तर पैसे देऊन पेपर छापायची काही गरज नसते.

नामवंत जर्नलंही पैसे घेतात, हे खरं. ‘नेचर’ने निबंध सर्वांना खुला ठेवण्यासाठी ९,५०० युरोचं शुल्क जाहीर केलं होतं. पण तिथे पैशाचा प्रश्न निबंध स्वीकारल्यानंतर येतो, आणि तो बहुधा लेखकाची संस्था किंवा प्रकल्प भरतो. आधी पैसे, मग स्वीकृती, असं कुठलंही चांगलं जर्नल म्हणत नाही. आणि एक रुपयाही न घेणारी चांगली जर्नलं पुष्कळ आहेत; डीओएजेच्या सूचीत ‘शुल्क नाही’ अशी चाळणी लावता येते.

भूगोलाच्या त्या मुलीचा आजवरचा खर्च तिने माझ्या वहीत लिहून ठेवला आहे: रत्नागिरीची एक फेरी, झेरॉक्स १४० रुपये, एक जाड वही. बावीस निबंध वाचून झाले, त्यांतले एकोणीस फुकट उघडले, दोन एन-लिस्टवर मिळाले, एक लेखकाने पाठवला. आता तिला २००५च्या पुरानंतरचे एका स्थानिक साप्ताहिकाचे अंक हवे आहेत. आमच्याकडची फाइल २०२१ला गेली. खेंड परिसरात उंचावर राहणाऱ्या एका आजोबांनी ते माळ्यावर जपून ठेवलेत असं कळलं आहे. रविवारी सकाळी जाणार आहोत, जुनी सुती चादर आणि मोबाइलचा चार्जर घेऊन.